ओकबुनमावशीची हाक

मेंग ओकबुनच्या हाकेला आलं नाही असं कुत्रं सोतगोलमध्ये कोणाला आठवत नव्हतं. टेकडीच्या कुशीत तिच्या नवऱ्याचे पिंजरे होते आणि त्यांच्या खाली, रस्त्याला लागून, आमचं घर. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ वरून ती हाक ऐकत आले. "वोरी, वोरी, वोरी." कोरियात आमच्या चुंगचोंग प्रांताकडची जुनी माणसं कुत्र्याला असंच बोलावतात. पण मावशीचा आवाज वेगळा होता. माझी दाओन रांगत होती तेव्हा तीही त्या आवाजासरशी दाराकडे वळायची, आणि मी धावत जाऊन कडी घालायची.

त्या हाकेवरच तिचा संसार चालला म्हणायचा. शाळांतल्या आणि खानावळींतल्या उष्ट्याची पिंपं टेम्पोतून यायची. मावशी ते सगळं मोठ्या कढईत उकळायची आणि पिंजऱ्यापिंजऱ्यात ओतायची. पिंजरे जमिनीपासून उंच, तळालाही जाळीच, म्हणजे घाण आपोआप खाली पडते, झाडावं लागत नाही. पाणी वेगळं देत नसत, उष्टं पातळच असायचं. हे झालं एक काम. दुसरं काम म्हणजे खानावळवाल्यानं येऊन बोट दाखवलं की ते कुत्रं बाहेर काढायचं. तिचा नवरा पानसू दाराशी गेला की कुत्री मागच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढायची, चावायची, आणि जखमी मालाला भाव मिळत नसे. मावशी गेली की शेपूट हलवत पुढे यायची. रोज अन्न देणारा हात होता तो. मावशी गळ्यात दोरी अडकवायची, शेडच्या मागे न्यायची, दोरी पानसूच्या हातात द्यायची आणि परत येऊन कढईखाली लाकडं सारायची. विजेच्या दांडीचा आवाज फारसा होत नाही.

मी तिला एकदा विचारलं, "मावशी, काही वाटत नाही का हो?"

"वाटून काय करू, दाओनच्या आई? मी नाही गेले तर हा फरफटत नेतो. त्यापेक्षा शेपूट हलवत गेलेलं बरं."

मावशी याच गावची. लहानपणी तिच्याकडे बोकसिल नावाची झिपरी कुत्री होती. उन्हाळ्यात आमच्याकडे बोकचे तीन दिवस येतात, पहिला, मधला आणि शेवटचा. घामानं गेलेलं बळ भरून काढायला त्या दिवशी गरम रस्सा प्यायचा. आता बहुतेक घरांत कोंबडी शिजते, तेव्हा कुत्रं शिजायचं. पण ज्याला नाव दिलं, जे अंगणात वाढलं, ते आपलं कुत्रं स्वतः कोणी खात नसे. ते पाप. म्हणून दोन घरं आपसांत अदलाबदल करायची. तुझं माझ्याकडे, माझं तुझ्याकडे. दोन्ही घरांत चूल पेटायची आणि कोणीच आपलं कुत्रं खाल्लेलं नसायचं.

बोकसिल अशीच गेली, वरच्या आळीतल्या दो आडनावाच्या मंडळींकडे. त्यांचं काळं कुत्रं यांच्याकडे आलं. मावशी त्या काळ्याचा रस्सा प्यायली. भूक होती, आणि चांगला लागला, असं ती सांगते. दुसऱ्या दिवशी त्या घरातला मुलगा शाळेच्या वाटेवर तिला म्हणाला, "तुझी बोकसिल चिवट होती गं, दातात अडकली." तो मुलगा पानसू. पुढे मोठ्यांनी त्याच्याशीच तिचं लग्न ठरवलं.

"माझी कुत्री खाल्लेल्या माणसाच्या ताटाला ताट लावून जन्मभर जेवतेय," ती हसत म्हणायची.

"आणि हिनं माझा काळू खाल्ला ते नाही सांगत," पानसू आतून ओरडायचा.

मूलबाळ त्यांना झालं नाही. गावानं त्याचा संबंध कुत्र्यांच्या शापाशी लावला आणि गावातलेच लोक बोकच्या दिवशी त्याच्याकडून मांस घेऊन गेले.

मग पानसूला झटका आला. उजवी बाजू गेली, दांडी धरणारा हात गेला. पुढे काठी घेऊन अंगणात फिरू लागला, पण त्या हातात वाटीही ठरेना. त्याच सुमारास सरकारनं कायदा केला की ठरलेल्या मुदतीत हा धंदा सगळ्यांनी बंद करायचा. मावशीनं वाट बघितली नाही. कुत्री सोडवणाऱ्या एका संस्थेला तिनं निरोप पाठवला. त्यांच्यात परदेशी मंडळीही होती आणि मी कॉलेजात इंग्रजी शिकलेली, म्हणून मधे बोलायला मला वर बोलावलं.

त्या दिवशी मावशी एकेका पिंजऱ्यासमोर उभी राहिली. "वोरी, वोरी." कुत्री आली, शेपूट हलवत. तिनं दोरी अडकवली आणि एकेकाला प्रवासाच्या पेटीत नेऊन बसवलं. काहींचे कान आतून फोडलेले होते, भुंकण्याचा त्रास नको म्हणून. त्यांना हाक ऐकू येत नव्हती, पण तिचा हात बघून तीही आली. संस्थेची एक गोरी मुलगी रडत होती. "यांचा तुमच्यावर किती विश्वास आहे, हे सांगा त्यांना," ती मला म्हणाली. मी सांगितलं.

"विश्वास कसला," मावशी म्हणाली. "जेवणाची वेळ झालीय."

एक मात्र आली नाही. चुलीला सर्वांत जवळच्या पिंजऱ्यातली म्हातारी पिवळी कुत्री. तिला पिलांसाठी ठेवलेली होती, त्यामुळे तिला बाहेर काढायची कधी वेळच आली नव्हती. तिची पिलं मोठी झाली की तिच्यासमोरच्या पिंजऱ्यात जायची, आणि एक दिवस हाक आली की शेपूट हलवत तिथून निघून जायची. ती ते बघत आली होती. मावशीनं हाक मारली तशी ती जाळीला पाठ लावून मुतली. संस्थेच्या एका पोरानं हात घातला तर त्याचा अंगठा फोडला. शेवटी मावशी स्वतः वाकून पिंजऱ्यात शिरली आणि तिच्या शेजारी बसून राहिली. ट्रक निघायची वेळ झाली तरी कुत्री थरथरतच होती. असं जनावर नव्या जागी घाबरून मरतं, असं म्हणून संस्थेनं तिला मावशीकडेच ठेवलं. जमिनीवर चालायला शिकवा, माणसाळवा, मग पाठवू.

टोरंटोजवळच्या ग्वेन नावाच्या बाईनं फोटो बघून तिला मागितलं. दाओन टोरंटोला शिकायला जाणार होती, तिचं ऑगस्टअखेरचं तिकीट काढलेलं होतं. प्रवासी सोबत असला की कुत्रं त्याच्या तिकिटावर जातं, म्हणून संस्थेनं विचारलं आणि दाओन लगेच हो म्हणाली. मीही हो म्हटलं. पोरगी पहिल्यांदाच एवढ्या लांब चालली होती. बरोबर आपल्या गावचं कोणीतरी असणार, कुत्रं का होईना, याचाही मला आधार वाटला.

ग्वेननं कुत्रीचं नाव विचारलं.

"नाव?" मावशी म्हणाली. "यांना नाव नसतं ठेवत." मग थोडा वेळ गवत उपटत बसली. "सुनदोक म्हणा." जुन्या काळातलं बाईमाणसाचं नाव, गरीब स्वभावाच्या बाईचं. ग्वेननं त्या नावाची पट्टी लावलेला लाल पट्टा पोस्टानं पाठवला.

पट्टा आला त्याच संध्याकाळी मावशीनं मला साक्षीला ठेवून नवऱ्याकडून शब्द घेतला. पानसू ओटीवर भिंतीला टेकून बसला होता.

"अहो, हिला मारायची नाही."

"मी? या हातानं?" त्यानं डाव्या हातानं उजवा उचलून दाखवला.

"दुसऱ्याकडून मारवायची नाही. विकायची नाही. शब्द द्या."

"बरं बाई. मारणार नाही, मारवणार नाही, विकणार नाही. झालं? नाव ठेवलंस, पट्टा घातलास, आता घरचीच झाली ती. घरची कुत्री कोण खातं?"

मावशीला तेवढ्यानं समाधान वाटलं. मी निघताना मला म्हणाली, "घरची म्हणाला बघा."

सुनदोकला माती कशी असते हे माहीत नव्हतं. जाळीवर उभं राहून तिच्या पायांची बोटं फाकलेली होती. गवतावर ठेवली की पाय उचलून धरायची, जणू भाजतंय. मावशी तिच्यापुढे रांगत जायची, भाताचा गोळा हातावर ठेवून. पिंजऱ्यापासून चुलीपर्यंत, चुलीपासून मिरचीच्या वाफ्यापर्यंत. आधी हाक मारायची नाही, नुसतं बसायचं. मग हळूच एकदा, "वोरी." कुत्री लांब सरकायची. मावशी पुन्हा बसायची. माझी भांडी घासून व्हायची, कपडे वाळत घालून व्हायचे, वर ती अजून तशीच बसलेली दिसायची. जुलै लागता लागता एका सकाळी ती आमच्या दारात आली, हाताला भात लागलेला.

"आली," म्हणाली. "हाकेला आली. लंगडत आली, पण आली."

ही बाई मला इतकी वर्षं माहीत होती. तो चेहरा माहीत नव्हता.

पहिल्या बोकच्या दिवशी मी आणि मावशी माझ्या गाडीतून चोंगजूला गेलो, सुनदोकसाठी विमानात चालणारी पेटी घ्यायला. मावशीनं दुकानात पेटीत डोकं घालून बघितलं, खालचा तळ हातानं दाबून बघितला. जाळी नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं. येताना पेटी मांडीजवळ हवी म्हणून ती मागच्या सीटवर बसली.

मी पेटीची एक बाजू धरून तिच्याबरोबर वर गेले. सुनदोकच्या दोरीला पिवळं कुत्रं बांधलेलं होतं. मावशी म्हणाली, "वोरी." कुत्रं उड्या मारत, दोरीला हिसडे देत, शेपटीनं अख्खं अंग हलवत पुढे आलं.

मावशीनं पेटी खाली ठेवली. सुनदोकला उड्या मारता येत नव्हत्या.

"ती कुठंय?" तिनं ओटीकडे न बघता विचारलं.

"मानसोककडे," पानसू म्हणाला. मानसोक ओढ्यापलीकडे राहतो, पानसूचा लहानपणापासूनचा मित्र. "हा त्याचा जोंग. यंदा बाजारात काही मिळत नाही. तो म्हणाला, दादा, जुन्यासारखी अदलाबदल करू. मी म्हटलं, चालेल."

"शब्द दिला होतात."

"पाळला की. मारली नाही. विकली नाही. एक पैसा घेतला नाही, विचार त्याला." त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, हे मला अजून सोसत नाही. "नाव ठेवलेली कुत्री घरात शिजवायची नाही म्हणूनच दिली ना? त्या परदेशी बाईला हा पाठव. हाही पिवळाच आहे."

मावशी ओढ्याकडे निघाली. मी मागे गेले. तिला एकटीला जाऊ देणं बरं वाटेना.

अक्रोडाच्या झाडाखाली लाकडी चौथऱ्यावर गावातली चार म्हातारी मंडळी बसलेली होती. फांदीला दोरी अजून लोंबत होती. कढईत अळूची देठं आणि कांद्याची पात वर आलेली. मानसोक हातात पळी घेऊन उठला.

"या वहिनी, बसा. दाओनच्या आई, तुम्हीपण. तुम्ही शिकलेली माणसं खात नाही म्हणा, पण किमची तरी घ्या."

मावशी कढईजवळ उभी राहिली. "कशी आली ती?" तिनं विचारलं.

"कशाची येतेय." मानसोक हसला. "पानसूदादानं दोरी सोडून दिली तर शेडखाली जाऊन बसली. भात दाखवला, मासा दाखवला, हलेना. मग दादाच म्हणाला, अरे, तुझी वहिनी बोलावते तसं बोलाव. मी आपला आवाज बारीक केला, वोरी, वोरी म्हटलं. तशी आली बघा. लंगडत, पण पार माझ्या पायापर्यंत."

चौथऱ्यावरच्या एकानं तो बारीक आवाज काढून दाखवला. बाकीचे हसले.

पिंजऱ्यात होती तोवर ती कुत्री कोणाच्याच हाकेला येत नव्हती.

मानसोकनं खिशातून लाल पट्टा काढला, बाहीला पुसला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "हा तुमचा. चांगला आहे, वाया कशाला घालवायचा." तिनंही दोन्ही हातांनी घेतला. आमच्याकडे मोठ्या माणसांत असंच देतात-घेतात.

घरी येऊन मी ग्वेनला सगळं लिहिलं. संस्थेला लिहिलं. ग्वेनचं उत्तर आलं की जे कुत्रं जिवंत आहे त्याला ती घेईल. संस्थेच्या डॉक्टरनं येऊन जोंगला प्रवासाआधीची लस टोचली. आता दाओनच्या विमानापर्यंत त्याला जिवंत ठेवायचं होतं, आणि मधला आणि शेवटचा असे बोकचे दोन दिवस यायचे होते. परदेशी बाईला पाठव असं आधी म्हणाला होता, तरी पानसूला आता अदलाबदलीत आलेल्या कुत्र्याचा रस्सा हवा होता. तो रोज विचारायचा, "कधी शिजवतेस?"

"तुम्हीच शिजवा," मावशी म्हणायची आणि त्याच्या तोंडात भाताचा चमचा घालायची.

मी म्हटलं, "आमच्याकडे बांधू जोंगला."

"बांधलेलं कुत्रं कोणीही सोडून नेतं. तुम्ही बाजाराला गेलात की?"

"मग?"

"सुटं राहू दे."

दुसऱ्या दिवसापासून तिनं सुरू केलं. जोंग हा माणसांचा लाडका कुत्रा. मानसोकच्या बायकोनं त्याला पिल्लापासून वाढवलेला, कोणीही बोलावलं तरी यायचा. मावशी अंगणात उकिडवी बसली. "वोरी, वोरी," तिनं अगदी प्रेमानं म्हटलं. तो कान मागे टाकून धावत आला. मावशीनं पाठीमागून भोपळ्याच्या वेलाची काठी काढली आणि त्याच्या नाकावर मारली.

त्याचं किंचाळणं मला घरात ऐकू आलं. मी वर गेले तेव्हा तो लांब उभा होता आणि ती पुन्हा बोलावत होती, तोच आवाज, तीच माया. तो आला. तिनं पुन्हा मारलं. तो पुन्हा आला. मारल्यावर कुत्र्याला वाटतं आपलंच काही चुकलं, म्हणून तो पोट जमिनीला घासत, चाटायला जीभ काढत आला. तिनं जिभेवर मारलं.

"मावशी, पुरे. तुम्हाला वेड लागलंय का?"

"तुम्ही खाली जा, दाओनच्या आई."

"असा काय गुन्हा केलाय त्यानं?"

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही पोरीला काय सांगताय रोज? ऐकते मी खिडकीतून. कोणी बोलावलं तर जाऊ नको. कोणी दिलेलं पिऊ नको. गोड बोलणाऱ्याच्या गाडीत बसू नको. सांगताय ना? मीही तेच सांगतेय. याला बोललेलं कळत नाही."

मी खाली गेले. दाओननं कानात गाणी लावून घेतली होती.

मावशी रोज मारायची. जेवण मात्र हाक न मारता ठेवायची. वाटी खाली ठेवायची आणि लांब जाऊन पाठ फिरवून उभी राहायची. मानसोकचा पॉवर टिलर रस्त्यानं गेला की जोंग उडी मारून कुंपणाकडे धावायचा, तर तिथंही ती काठी घेऊन आधीच पोचलेली असायची. त्याचं नाक सुजलं, एक डोळा काही दिवस उघडेना. मधला बोक गेला. हाक आली की जोंग आता जागच्या जागी थांबायचा. मग मागे सरकायला लागला. मग तिनं तोंड उघडलं की शेडखाली.

शेवटच्या बोकच्या थोडं आधी मानसोक पायी आला. डोक्यावरची टोपी काढून ओटीवर टेकला. आमच्या चुंगचोंगकडे कोणी कामाचं बोलणं सरळ काढत नाही. मिरच्यांचं बोलून झालं, पावसाचं झालं.

"बाकी वहिनी, तुमच्याकडे ते कुत्रं अजून आहेच म्हणायचं."

"आहे."

"म्हणजे शिजवलं नाहीत."

"नाही."

"शिजवायचं नसेल तर... बायको जरा आठवण काढते त्याची. जेवताना ताटातलं बाजूला काढते आणि मग लक्षात येतं तिच्या. खाल्लं नाही तर परत द्यायला हरकत नसावी."

"नाही हरकत," मावशी म्हणाली. "माझी परत द्या, तुमचा घेऊन जा."

मानसोकनं टोपी फिरवली. "असं कसं वहिनी. ती तर..."

"अदलाबदल झाली ना? रीत आहे. रीत मोडायची कशी?"

"बरं, बघू," तो म्हणाला. आमच्याकडे 'बघू' म्हणजे मी माझं बघतो.

शेवटच्या बोकला सकाळी मावशी आमच्याकडे आली होती. संस्थेच्या कागदांवर तिचा अंगठा हवा होता. तेवढ्यात टिलरचा आवाज आमच्या घरावरून वर गेला. आम्ही दोघी चढ चढून पोचलो तेव्हा मानसोक अंगणात उकिडवा बसलेला, टिलर चालूच ठेवलेला, आणि ओटीवरून पानसू काठीनं शेडकडे दाखवत होता. "तिथंच आहे, बोलाव."

"जोंग," मानसोक म्हणाला. "अरे जोंग. वोरी, वोरी."

शेडच्या सावलीत जोंग उभा राहिला. कान वर झाले, शेपटी एकदा हलली. तो दोन पावलं पुढे आला, माणूस ओळखून. मग आवाज पुन्हा आला, "वोरी," आणि त्याचे पाय लुळे पडल्यासारखे झाले. तो मागे सरकत जुन्या पिंजऱ्यांच्या खाली गेला, जाळीतून पडून वाळलेल्या घाणीत, आणि तिथं त्याला मूत सुटलं. मानसोक वाकला, बोलावत राहिला. नाव घेऊन, शीळ घालून, मग मावशीसारखा आवाज बारीक करून. आतून दातांचा आवाज यायला लागला.

मानसोक उठला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मावशीला बघून तो शरमला नाही, उलट तक्रारच केली. "काय केलंत हो याला? माझं कुत्रं मला ओळखत नाही."

"ओळखतं," मावशी म्हणाली. "म्हणून येत नाही."

ओटीवर पानसू वैतागला. "एक कुत्रं बाहेर काढता येईना तुम्हाला. अगं, तू बोलाव की. तुझ्या हाकेला आलं नाही असं कुत्रं आहे का गावात?"

मावशीनं हाक मारली. मोठ्यानं, तिघांना ऐकू जाईल अशी, अगदी पूर्वीसारखी. पिंजऱ्याखाली जोंग आणखी आत सरकला आणि त्यानं डोकं मातीत घातलं. तेव्हा मानसोक टिलरवर बसला आणि निघून गेला. जाताना म्हणाला, "माणसांचीही अशी अदलाबदल करता आली असती तर बरं झालं असतं, वहिनी. तुमच्यासारखी बाई त्या पानसूदादाकडे कशी राहिली असती?" ते कौतुक होतं की टोमणा, मला कळलं नाही.

ऑगस्टअखेर जोंगला पेटीत घालायचं म्हणून मावशीनं हाक मारलीच नाही. पिंजऱ्यांखाली पोटावर सरपटत गेली, त्याला दोन्ही हातांनी आवळून धरलं आणि ओढत बाहेर आणलं. त्यानं तिच्या मनगटाचा लचका तोडला. रक्त पेटीच्या दाराला लागलं, ते तिनं कमरेला खोचलेल्या फडक्यानं पुसलं आणि दाराची कडी दोनदा तपासली. इंचॉनच्या विमानतळावर ती आली नाही. नवऱ्याला जेवण कोण देणार, म्हणाली.

मी दाओनला शेवटपर्यंत सूचना देत होते. पेटीतल्या कुत्र्यानं आणि माझ्या मुलीनं दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

दाओन पोचली, जोंग पोचला. दाओनचा फोन पहिल्यांदा रोज यायचा, मग एकाआड एक, आता मी केला तर कधी उचलते, कधी नाही. ग्वेन मात्र नेमानं लिहिते. परवाच्या ईमेलमध्ये तिनं एक व्हिडिओ पाठवला. उबदार खोली, जाड गालिचा, टेबलाखाली पिवळं अंग. पडद्याबाहेरून ग्वेन गोड आवाजात त्याचं नाव घेते आहे आणि ते अंग दर हाकेला आणखी आखडतं आहे. खाली तिनं विचारलं होतं की खाणं-पिणं चांगलं आहे, अंगानं सुधारला आहे, पण हाक मारली की लपतो, असं का? गावी त्याला कोणी मारत होतं का? कोण?

फोन घेऊन मी वर गेले. मावशी पानसूला भरवत होती. तिनं चमचा वाटीत ठेवला, हात पुसले आणि व्हिडिओ पूर्ण बघितला. मनगटावरचा वण पांढरा पडला होता.

"काय लिहू?" मी विचारलं. "धंदेवाल्यांनी मारलं म्हणून लिहिते. ते काही खोटं नाही."

"हिच्या सगळ्या कुत्र्यांना मीच मारलं म्हणून लिहा," पानसू भरल्या तोंडानं म्हणाला. "माझं काय जातंय."

"नाही," मावशी म्हणाली. "मेंग ओकबुननं मारलं असं लिहा. नाव घालून. आणि तिला सांगा, बोलावू नको म्हणावं. वाटी ठेवायची आणि पाठ फिरवून उभं राहायचं."

"किती दिवस?"

तिनं पुन्हा चमचा उचलला. पानसूनं तोंड उघडलं.

"तो मरेपर्यंत," ती म्हणाली.